बेटावर अडकलेला रुमाल

अरबी समुद्रातल्या एका बेटावर माझा रुमाल अडकला आहे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. डोक्याला बांधायचा, पांढराशुभ्र, लांबलचक, खामगावच्या बाजारात दहा ठिकाणी हात लावून मग घेतलेला. सौद्यात ठरलं ते सगळं मी पुरं केलं, तरी तो मला परत मिळालेला नाही. हा विषय काढला की घरातलं एकेक माणूस हळूच उठून दुसऱ्या खोलीत जातं. म्हणून लिहून काढतो. कागद उठून जात नाही.

मी पिंपळगाव राजाचा. लहानपणी दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकत न्यायचो, पुढे दुसऱ्यांचे बैल विकून द्यायला लागलो आणि त्यातूनच स्वतःचं घर बांधलं. बैलाचे दात बघून वय, चाल बघून स्वभाव आणि मालकाच्या तोंडाकडे बघून त्याची नड ओळखायची, एवढंच माझं शिक्षण. राग मात्र नाकावर. बायको म्हणते, बैल बरे, शिंग उगारण्याआधी निदान मान तरी हलवतात.

असा माणूस समुद्रातल्या बेटावर कासवांची राखण करायला कसा गेला, हे आधी सांगायला हवं. माझी मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. महाराष्ट्र राज्य होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. आमच्या भागात मुली कॉलेजात जायला लागल्या होत्या, पण बोटांवर मोजण्याइतक्या. तिचे सर मूळचे पुण्याचे, आमच्याकडे बदलून आलेले. त्यांनी टूम काढली की विद्यार्थ्यांनी एका दूरच्या बेटावर महिनाभर राहायचं, अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवांवर लक्ष ठेवायचं आणि त्यांची घरटी राखायची. पगार नाही, पदरचं खाऊन जायचं.

मुलीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अन् त्या कासवाची राखन कराले समुद्राजवळचे लोक मेले काय?"

"बाबा, ते लोकच त खातेत त्याले."

"मंग आपून जाऊन त्याह्यच्या ताटातून ओढाचं काय?"

"हाव," ती म्हणाली. माझीच मुलगी.

तिची आई मुलीला एकटी सोडायला तयार नव्हती आणि मुलगी ऐकायला तयार नव्हती. शेवटी तोड निघाली ती माझ्या डोक्यावर: बापानं सोबत जायचं. पोळा नुकताच होऊन गेला होता. पोळ्यानंतर बैलबाजार थंडच असतो, त्यामुळे मलाही नाही म्हणायला जागा राहिली नाही. बायकोनं भाकरीचं पीठ, ठेचा आणि जवसाच्या तेलाची एक मोठी बाटली बांधून दिली. "तिकडं खोबऱ्याचं तेल खातेत म्हनते," ती म्हणाली, "तुमच्या पोटाले पटते न पटते. हे भाकरीवर घेत जाजा." जवसाचं कच्चं तेल भाकरीवर ओतून खाल्ल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही, हे तिला माहीत होतं. ती बाटली पुढे काय करणार आहे हे मात्र तिला माहीत नव्हतं.

खामगावहून जलंब, जलंबहून भुसावळ, तिथून मुंबई, आणि मग कोचीनपर्यंत गाडीनं हाडं खिळखिळी झाली. कोचीनच्या धक्क्यावर बेटांवर जाणाऱ्यांची कागदपत्रं तपासणारा अधिकारी बसला होता. सरांनी एकेका विद्यार्थ्याला पुढे करून सांगितलं, "हे आमचे स्वयंसेवक." माझी पाळी आली. मी रुमाल नीट केला, छाती काढली. सर म्हणाले, "आणि हे सोबत आलेले गृहस्थ."

सोबत आलेले गृहस्थ! पदरच्या पैशानं तिकीट काढलेलं, पदरचं पीठ बांधून आणलेलं, आणि मी सोबत आलेला. लग्नाच्या वऱ्हाडात बँडवाल्याला सुद्धा याहून बरं नाव असतं. मी तिथेच तोंड उघडणार होतो, पण मुलीनं माझा सदरा मागून ओढला.

समुद्रात मला बोट लागली. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की बैलाला गाडीत घालून घाट चढवताना तो असा का बघतो, ते मला त्या दोन दिवसांत कळलं.

बेट मात्र देखणं होतं. आमच्या गावच्या गायरानापेक्षा लांबीला फार नसेल. नारळीची झाडं, पांढरी रेती, आणि चारी बाजूंनी असं निळं पाणी की कुणी निळीची पुडी सोडून विसरून गेला असावा. वस्ती मुसलमानांची, भाषा मल्याळीच्या जातीची. आमच्यातल्या कुणालाच ती येत नव्हती. बेटावरच्या शाळेतल्या मास्तरांना मोडकं हिंदी येई. ते आमचे दुभाषी झाले.

सकाळी उठून किनाऱ्यानं चालायचं, रात्री वर येऊन गेलेल्या कासवाचा माग शोधायचा, हे काम मला आवडलं. रेतीवर तो माग असा उमटायचा, जसा कुणी वावरात डवऱ्याचा, म्हणजे कोळप्याचा, एक फेर मारून परत समुद्रात गेला. माग जिथे संपे तिथे रेतीखाली अंडी. त्यावर नारळाच्या झावळ्या टाकायच्या, खुणेची काठी रोवायची, खेकडे आणि उंदीर उकरणार नाहीत हे बघायचं. मुलं मापं घेत. सरांनी मला स्वयंपाकावर लावलं. सोबत आलेल्या गृहस्थाला दुसरं काय काम असणार! मी चूल पेटवायचो आणि मनातल्या मनात कोचीनचा धक्का पुन्हा पुन्हा चढायचो.

आठवडाभर असं चाललं, आणि मग ते उलटं कासव दिसलं.

किनाऱ्याच्या एका टोकाला एका म्हाताऱ्या नावाड्याची झोपडी होती. शेजारी झावळ्यांच्या छपराखाली त्याची होडी ओढून ठेवलेली. आणि छपराच्या सावलीत, पाठीवर उलथं घातलेलं, वल्ह्यासारखे पाय काथ्यानं बांधलेलं एक अवाढव्य कासव. बसक्या म्हशीएवढं. जिवंत. म्हातारा करवंटीनं त्याच्या पोटावर समुद्राचं पाणी शिंपडत होता. प्रेमानं नव्हे, ताजं राहावं म्हणून.

माझी मुलगी तिथून हलेना. "बाबा, पाहा न, रडून राह्यलं ते."

कासवाच्या डोळ्यांतून खरोखर पाणी वाहत होतं. सर म्हणाले, "ते रडणं नाही. शरीरातलं जादा मीठ ते डोळ्यांवाटे टाकतं." सरांचं बरोबर असेल. पण मुलीला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. बाजारात विकल्या गेलेल्या बैलाच्या डोळ्यांतलं पाणीही मिठाचंच असतं.

मास्तरांनी चौकशी केली. दोन दिवसांनी जुम्मा. नमाज झाली की म्हातारा कासव कापणार. मांस शेजारीपाजारी वाटणार आणि चरबीचं तेल काढून होडीला चोपडणार. पावसाळा सरत आला होता, मासेमारीचा मोसम तोंडावर आला होता. तेलाशिवाय लाकूड पाणी पितं, आणि पाणी प्यालेल्या होडीत बसून खोल समुद्रात कोण जातं? म्हाताऱ्याच्या घरातलं सगळं त्या एका होडीवर चालत होतं.

सरांनी त्याला समजावलं. कासवं किती उरली, एका मादीच्या पोटात किती अंडी, ती गेली तर पुढे काय, सगळं. बोलले चांगलं. मास्तरांनी उलथंपालथं करून सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवत ऐकून घेतलं, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. मास्तर म्हणाले, "बोलता है, सब ठीक है. फिर किश्ती को क्या लगाएगा?"

सर म्हणाले, "याचा सरकार नक्की विचार करेल."

म्हातारा पुन्हा करवंटी घेऊन कासवावर पाणी शिंपडायला लागला. तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की हा माणूस व्यापारी आहे. असा चेहरा मी बाजारात रोज बघतो. जो 'नाही' म्हणत नाही आणि हलतही नाही.

मी सरांना म्हटलं, "सर, मले बोलू द्या त्याच्यासोबत. सौदा होते हा."

सर चमकले. "सौदा? अजिबात नाही. एका कासवाचे पैसे मोजले की उद्या या किनाऱ्यावर दहा कासवं उलटी पडतील."

इथे सरांचं बरोबर होतं, अन् ते मी तेव्हाही मान्य केलं. गिऱ्हाईक हळवं आहे हे कळल्यावर खुंट्याला बैल वाढतात, हे मला सांगायची गरज नव्हती. पण मी कासव विकत घेणारच नव्हतो. म्हाताऱ्याला कासव नको होतं. त्याला तेल हवं होतं.

मी चुलीपाशी गेलो आणि जवसाच्या तेलाची बाटली उचलली. आमच्याकडे सुतार बैलगाडीच्या नव्या लाकडाला हेच तेल पाजतो. उन्हात वाळलं की वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, पाणी धरत नाही. मुलीनं बाटली बघितली.

"बाबा, मंग तुमी भाकरीवर काय घेसान?"

"तुह्या सराचं डोस्कं," मी म्हटलं. तिनं पुन्हा माझा सदरा ओढला, पण हसत.

त्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या होडीच्या एका फळीवर तेल घासलं आणि उन्हात सोडून दिलं. बाटलीच्या तळाशी थोडंसं उरलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा स्वतः मला बोलवायला आला. फळीवर त्यानं करवंटीभर पाणी ओतलं होतं. पाणी मण्या-मण्यांनी खाली घरंगळत होतं. त्यानं नखानं पापुद्रा खरवडला, वास घेतला, जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी डोक्यावरचा रुमाल सोडला, त्याची घडी हातावर टाकली आणि हात पुढे केला.

आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली दोघांचे हात, आणि बोटं दाबून बोलणं. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. बघणाऱ्याला काही कळत नाही. दोघांचे चेहरे मातीच्या बैलासारखे. म्हाताऱ्याला हे कळेल की नाही, मला शंका होती. पण तो खोबरं विकायला मंगळूरच्या व्यापाऱ्यांकडे जन्मभर गेलेला. रुमाल बघताच त्याचे डोळे लकाकले. त्यानं हात लुंगीला पुसला आणि रुमालाखाली सरकवला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतं.

किनाऱ्यावर सगळे जमले. सर मुलीला विचारत होते, "तुझे वडील त्यांचा हात का धरून बसलेत?"

"थांबा सर," ती म्हणाली. "आता बोलू नोका. चिडतेत ते."

मी दुसऱ्या हातानं आधी कासवाकडे बोट केलं, मग समुद्राकडे. मग बाटलीकडे. ती एका रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर ठेवलेली होती. आणि रुमालाखाली दोन बोटं दाबली. दोन बाटल्या. म्हाताऱ्यानं माझा अख्खा पंजा दाबून धरला, वर ठाम आहे म्हणून अंगठा पिळला. मी तीन. तो पुन्हा पंजा. मी हात काढून घेतल्यासारखं केलं, तो मागे वळून करवंटी उचलल्यासारखं करायला लागला. पक्का माणूस. मी मनाशी म्हटलं, पाच तर पाच. पाच बाटल्या तेल कोचीनवरून पाठवायला काय जातं! मी त्याचा पंजा दाबला.

"राजी?" म्हातारा मोठ्यानं म्हणाला. हा शब्द त्याच्याही भाषेत होता.

"राजी!" मी म्हटलं, आणि रुमाल उचलला.

मास्तर पुढे आले, म्हाताऱ्याशी बोलले आणि हसत मला म्हणाले, "बहुत बड़ा दिल है आपका. पाँच डिब्बा!"

"डबे? कोन्त्या बापानं डबे म्हटले?"

म्हाताऱ्यानं शांतपणे बोट दाखवलं. बाटलीकडे नव्हे, बाटलीखालच्या डब्याकडे.

मी जे ओरडलो ते वऱ्हाडी असल्यामुळे बेटावर कुणाला कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी समुद्राकडे बघितलं. पण रुमाल उचललेला होता. उचललेल्या रुमालावर मी आयुष्यात कधी मागे फिरलो नव्हतो. एकदा फिरलो असतो तर खामगावच्या बाजारात माझ्या रुमालाखाली कुणी हात घातला नसता. ते इथे कुणाला माहीत नव्हतं, पण मला होतं. आणि म्हाताऱ्यालाही असावं, कारण तो माझ्याकडे अगदी निर्धास्त बघत होता.

मग त्यानं आणखी एक शब्द टाकला. "जाम्यम."

मास्तरांनी सांगायच्या आधीच मला समजलं. जामीन. कासव आज समुद्रात जाणार, तेल कुठल्याशा वऱ्हाडातून पुढच्या महिन्यात येणार. मधल्या काळासाठी काय? त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं. माझ्याकडे घड्याळ होतं. मी ते काढलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मी पाकीट दाखवलं. पुन्हा नाही. त्याचं बोट माझ्या हातातल्या रुमालाकडे होतं.

"देऊ नोका बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "उघड्या डोक्यानं गावात कसे जासान?"

मी कासवाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतलं मीठ चालूच होतं. मी रुमालाची घडी केली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली.

त्यानं कोयत्यानं काथ्या तोडला. ते धूड सरळ करायला आम्ही चौघं लागलो. सरांनीही बाह्या सरसावून पाठ लावली, तेवढं त्यांना द्यायलाच हवं. कासव क्षणभर तसंच बसलं. मग रेतीत वल्ही मारत, दर दोन पावलांनी थांबत, सुस्कारे टाकत पाण्याकडे निघालं. पहिली लाट अंगावर आली आणि ते गेलं. एवढं जड जनावर पाण्यात शिरल्यावर इतकं हलकं होतं, याचा मला राग आला की आनंद झाला ते आजही सांगता येत नाही. मुलगी माझा हात धरून उभी होती. तेवढ्यापुरता सौदा स्वस्त वाटला.

परतताना कोचीनच्या धक्क्यावर तोच अधिकारी. "हे आमचे स्वयंसेवक," सर म्हणाले, "आणि हे..." ते माझ्या उघड्या डोक्याकडे बघून अडखळले. मी वाट बघत होतो. "...सोबत आलेले गृहस्थ."

गावात आल्यावर बायकोनं दारातच कपाळाला हात लावला. "अवो, रुमाल कोठी हाय?"

"गहान. एका कासवापायी."

"अन् कासव?"

"सुटलं."

"म्हंजे कासव सुटलं अन् तुमी अडकले," ती म्हणाली, आणि पुढचा महिनाभर ज्याला त्याला हेच सांगत राहिली.

मी तेलघाणीवाल्याकडून पाच डबे जवसाचं तेल काढून घेतलं, झाकणं झाळून घेतली आणि खामगावहून रेल्वेनं कोचीनला धाडले. मास्तरांचं कार्ड आलं की डबे पोचले, होडी पाण्यात गेली. रुमालाबद्दल एक अक्षर नाही. मी नवा रुमाल घेतला, पण तो डोक्यावर कधी जुन्यासारखा बसला नाही.

पुढच्या वर्षी सर पुन्हा मुलं घेऊन निघाले. मुलगी या वेळी मैत्रिणींसोबत गेली; तिच्या आईची भीती एव्हाना चेपली होती आणि मला बाजार होता. मी तिला एकच काम सांगितलं, "पोट्टे, रुमाल घेतल्याबिगर येऊ नोको."

ती आली ती हात हलवत.

"म्हातारा मेला काय?"

"नाई बाबा, चांगला टुनटुनीत हाय. तुमचा रुमाल त्यानं डोलकाठीले बांधला. दुरून फडकताना दिसते. अन् होडीले आपल्या तेलघानीचा वास येते, बाबा. एकाच होडीले नाई. त्याच्या भावाची, पुतन्याची, साऱ्याह्यच्या होड्या हायेत तिथं. पाची होड्याले तेच तेल लावलं त्यानं. त्या टोकाले औंदा एकबी कासव उलटं नोतं."

पाच होड्या. पाच डबे. मी तिथेच बाजेवर बसलो. म्हाताऱ्याची चूक झालीच नव्हती. पंजा दाबला तेव्हापासून त्याच्या डोक्यात डबाच होता. बाटली डब्यावर ठेवली ती माझीच चूक. आयुष्यभर मी बाजारात माणसं ओळखली, आणि एका नारळवाल्यानं मला रुमालाखाली असं गुंडाळलं.

"अन् रुमाल? तो तू मांगितला काऊन नाई?"

"मांगितला न. त्यानं सोडून हाती घेतला. मले वाटलं, देते. त त्यानं तोच रुमाल माह्या हातावर टाकला, अन् खालून माही पाची बोटं दाबली. मंग परत काठीले बांधून टाकला. काय म्हने बाबा तो?"

बायको दुसऱ्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होती, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

काय म्हणणार! दर वर्षाचे पाच डबे म्हणे. चोर. लुटारू. सरळसरळ दरोडा. जामीन म्हणून घेतलेली वस्तू डबे पोचल्याच्या दिवशी परत करायला हवी होती, हे मी कुठल्याही पंचासमोर सांगायला तयार आहे. मी त्या संध्याकाळी एवढा तापलो होतो की जेवायला बसल्यावर भाकरीवर तेल घ्यायचंही विसरलो.

औंदा मुलगी पुन्हा चालली आहे. या वेळी मी तिला समोर बसवून, मांडीवर पंचा टाकून, रुमालाखालची बोटं शिकवली. आधी दोन दाबायची. तो पंजा धरेल, घाबरायचं नाही. मग तीन. तीनवर अडून राहायचं, चेहरा हलू द्यायचा नाही, आणि आजूबाजूला कुठला डबा ठेवलेला असेल तर आधी उचलून दूर ठेवायचा.

"अन् तीनवर नाई आयकलं त?"

"त उठून चालाले लागजो," मी म्हटलं. "पन हळू चालजो."

घाणीवाल्याला मात्र चार डबे सांगून ठेवले आहेत.